पिठाचा कोंबडा आणि माझ्या कादंबऱ्या



आजवर तुमच्याशी पापड-सांडग्यांवर बोलले, पर्वात हिरवी भाजी नसताना काय करायचं यावर बोलले, सुनेला पूजेची मांडणी कशी शिकवावी यावरही बोलले. आज माझ्या एका आवडीवर बोलायचं आहे. जेवणं झाली, ओटा पुसून झाला की दुपारी दोन ते चार ही वेळ माझी. त्या वेळात मी कादंबऱ्या वाचते. त्यातही माझे प्रकार दोनच. एक म्हणजे जादूगार, ड्रॅगन आणि नकाशावर कुठेच नसलेल्या देशांच्या गोष्टी, ज्यांना मुलं फँटसी म्हणतात. दुसरा म्हणजे दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीस, रोम, इराण, मगध अशा जगातल्या ऐतिहासिक कादंबऱ्या.

ही सवय माहेरची. माहेर सांगलीचं, आणि वि. स. खांडेकरांचा जन्म सांगलीचा, त्यामुळे ‘ययाति’ घरात असणारच. १९७४ सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतर शिवाजी सावंतांचं ‘मृत्युंजय’ हाती आलं आणि परीक्षेच्या दिवसांतही सुटलं नाही. बी.कॉम. झाले, लग्न झालं, पुढची वीस वर्षं दुकानाच्या किर्द-खतावण्या वाचण्यातच गेली. लेक शिकायला बाहेर गेली तेव्हा तिची इंग्रजी पुस्तकं कपाटात राहिली. शब्दकोश शेजारी ठेवून, दिवसाला आठ-दहा पानं अशा गतीने मी ती वाचायला घेतली. आता शब्दकोश फारसा लागत नाही, चष्म्याचा नंबर मात्र वाढलाय.

आमच्या सकाळच्या स्वाध्यायाला एक अक्का येतात. वय ऐंशीच्या पुढे, रत्नकरंड श्रावकाचार जवळजवळ तोंडपाठ. त्यांनी एकदा मला जवळ बसवून विचारलं, “अगं, राजकथा ही विकथा. तू रोज दोन तास राजकथा वाचतेस. मग सामायिकाला बसल्यावर मनात कोण येतं, णमोकार की तुझे ते राजे?”

प्रश्न टोचणारा होता, आणि प्रेमाचाही होता. विकथा चार: स्त्रीकथा, भोजनकथा, राष्ट्रकथा आणि राजकथा. भोजनकथा वर्ज्य म्हटली तर माझ्या निम्म्या लेखांचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न आहे! पण अक्कांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्रमादात जाणारा वेळ कुठल्या खात्यावर पडतो हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. शिवाय माझी तेरा वर्षांची नातही आता माझ्याच कपाटातून पुस्तकं नेते. तिला काय द्यावं, काय देऊ नये, हे ठरवायला माझ्याकडे काही कसोटी असायला हवी होती.

ती कसोटी मला आपल्याच यशोधरचरित्रात मिळाली. तुमच्यापैकी बहुतेकींना कथा माहीत आहे. उज्जयिनीचा राजा यशोधर. त्याला दुःस्वप्न पडलं असं कळल्यावर आई चंद्रमतीने देवीला जिवंत प्राण्यांचा बळी द्यायचा आग्रह धरला. राजा तयार होईना. शेवटी आईचं मन राखायला तडजोड झाली, पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कापला. कणीक ती, त्यात जीव कुठला? पण मारण्याचा संकल्प खरा होता. त्यापायी मायलेक पुढच्या भवांत तिर्यंच गतीत भटकले. राजा मोर झाला, आई कुत्रा झाली, आणि असे एकामागून एक जन्म घेत शेवटी दोघंही खरोखर कोंबड्याच्या जन्माला आले. सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलक’ लिहिलं ते याच कथेवर. महाकवी पुष्पदंतांनी अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ लिहिलं तेही याच कथेवर.

आता कादंबरी म्हणजे काय? पिठाचा कोंबडाच की! त्यातला कोणी खरा नसतो. मी नातीला “अगं, या पानावर किती माणसं मेली बघ” असं म्हटलं की ती म्हणते, “आज्जी, ते खरं नाहीये गं, गोष्ट आहे.” मी म्हणते, “कोंबडापण खरा नव्हता, बाळा.” आपल्या जपमाळेत १०८ मणी का, हे पाठशाळेत शिकवतात. समरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. या हिशेबात अनुमोदना हे स्वतंत्र कलम आहे. पुस्तकात कोणी कोणाला मारलं आणि मी मनात टाळी वाजवली, तर ती नोंद माझ्याच खात्यावर. म्हणून माझी कसोटी एवढीच आहे: सुरी चालते तेव्हा लेखक माझ्या मनात कुठला भाव जागा करतो?

या कसोटीवर आधी फँटसी घेऊ. जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डचे प्राध्यापक. पहिल्या महायुद्धात १९१६ साली सोमच्या रणांगणावर ते स्वतः होते. त्यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये तीन भागांत आली. बहुतेक गोष्टींत नायक काहीतरी मिळवायला निघतो, खजिना, राज्य किंवा राजकन्या. इथे फ्रोडो नावाचा लहानखुरा नायक एक अंगठी टाकून द्यायला निघतो. अंगठी अशी की ज्याच्याजवळ राहील त्याला तिचा मोह सुटत नाही. पुढे अक्कांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे परिग्रहत्यागच की.” मी म्हटलं, तेच.

पण मला या पुस्तकात सगळ्यात मोलाचं वाटतं ते गॉलमचं प्रकरण. गॉलम हा त्या अंगठीपायी सडून गेलेला, खून केलेला, दयनीय जीव. फ्रोडोचा नातलग बिल्बो त्याला मारू शकत होता, मारलं नाही. फ्रोडोला संधी होती, त्यानेही मारलं नाही. अगदी शेवटी डोंगरावर सॅमच्या हातात तलवार आणि समोर गॉलम, तरी त्याचाही हात उठला नाही. आणि मग काय होतं? अग्नीच्या तोंडाशी पोचल्यावर फ्रोडोलाच अंगठी सोडवत नाही. तो हरतो. काम होतं ते गॉलममुळे. तो झडप घालतो, अंगठी हिसकावतो आणि तोल जाऊन खाली पडतो. म्हणजे तीन वेळा दाखवलेली दया जमेच्या बाजूला पडून होती, आणि ऐन अडचणीच्या दिवशी तीच कामी आली. मी वाणिज्य शाखेची, मला तर हा ताळेबंदच वाटला. परत घरी आल्यावर गावात लढाई होते तेव्हाही फ्रोडो तलवार उपसत नाही. शस्त्र टाकलेल्या शत्रूंना आपल्या लोकांनी मारू नये म्हणून तो धडपडत राहतो.

पण याच पुस्तकात कणकेचा कोंबडाही आहे. हेल्म्स डीपच्या लढाईत लेगोलास आणि गिम्ली हे दोघे मित्र ऑर्क मारण्याची पैज लावतात. शेवटी गिम्लीचे ४२ होतात आणि लेगोलासचे ४१. मुलांना हा भाग फार आवडतो, सिनेमात तर थिएटर हसतं. आता किल्ल्यावर चालून आलेल्या शत्रूशी लढणं ही विरोधी हिंसा. गृहस्थाला तिच्यातून पूर्ण सुटका नाही हे आपलं शास्त्रही समजून घेतं. पण मोजणी आणि गंमत सुरू झाली की ती विरोधी उरत नाही, तिथे रस आला. आणि ऑर्क हे सगळेच्या सगळे दुष्ट, सुधारण्याची आशा नाही, म्हणून त्यांना कितीही मारावं, हे मला पटत नाही. आपल्याकडे रावणालासुद्धा पुढे तीर्थंकर होण्याचा मार्ग मोकळा आहे. श्रेणिक राजा नरकात गेला तरी येणाऱ्या चोवीशीत पहिला तीर्थंकर तोच. जीव कितीही खाली गेला तरी त्याच्या नावावर कायमची काट मारायची नाही, ही आपली रीत.

गंमत अशी की टॉल्किन यांनाच हे ठाऊक असावं. त्याच पुस्तकात पुढे सॅमच्या पुढ्यात शत्रूचा एक सैनिक मरून पडतो. सॅम विचार करतो, याचं नाव काय असेल, गाव कुठलं असेल, हा खरंच वाईट होता की कोणाच्या धमकीने किंवा थापांनी इतक्या लांब आला? अर्धं पानसुद्धा नाही ते. मी नातीला मुद्दाम दोन्ही प्रसंग एकामागून एक वाचायला लावले आणि दुसरं काहीच बोलले नाही. ती म्हणाली, “आज्जी, त्या बेचाळीस जणांची नावं कोणीच विचारली नाहीत.” मला वाटतं, तिचा स्वाध्याय तिथेच झाला.

‘हॅरी पॉटर’ तर आता घराघरांत आहे. १९९७ ते २००७ अशी सात पुस्तकं. जादू म्हणजे मिथ्यात्व असं म्हणून काही घरांत ती बंद आहेत. मी बंद केली नाहीत, त्याला कारण आहे. त्यातला खलनायक अमर होण्यासाठी आपल्या आत्म्याचे तुकडे करून वस्तूंमध्ये लपवतो, आणि खून केल्याशिवाय तुकडा पडत नाही. आत्मा अखंड आहे, त्याचे तुकडे होत नाहीत, हे मी नातीला सांगितलंच. पण मारणाऱ्याची पहिली हानी त्याच्या स्वतःच्याच आत होते, ही गोष्ट त्या लेखिकेने मुलांच्या भाषेत बरोबर पोचवली आहे. आणि शेवटच्या सामन्यात हॅरी मारण्याचा मंत्र म्हणतच नाही, समोरच्याच्या हातातलं शस्त्र काढून घेण्याचा म्हणतो. दुसऱ्याचा मंत्र त्याच्यावरच उलटतो.

माझी सगळ्यात आवडती मात्र अर्सुला ली ग्विन. तिचं ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ १९६८ सालचं. गेड नावाचा सावळा, गरीब घरातला मुलगा जादूच्या विद्यालयात शिकायला जातो. एका मुलाशी चढाओढ लागते आणि केवळ मानकषायापोटी तो नको ती विद्या वापरतो. त्यातून एक काळी सावली सुटते आणि त्याच्या मागे लागते. साऱ्या पुस्तकभर तो आधी तिच्यापासून पळतो, मग उलट तिचा पाठलाग करतो, आणि अखेर समोर उभा राहून तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. त्याला शत्रू म्हणून शेवटी भेटतो तो स्वतःच. त्या विद्यालयात शिकवतात की एक खडा बदलला तरी जगाचा तोल हलतो, म्हणून विद्या असली तरी वापरण्याआधी थांब. मुलांना आपण पाणी गाळून का प्यायचं हे समजावतो ना, तसंच आहे हे.

याच मालेतलं ‘तेहानू’ १९९० साली आलं. ते खास आपल्या वयाच्या बायकांसाठी आहे. त्यात नायिका टेनार मध्यमवयीन विधवा आहे. शेळ्या, शेत, चूल सांभाळते, आणि माणसांनी आगीत भाजून टाकून दिलेल्या एका पोरीला आपलंसं करते. गेडची सगळी विद्या संपलेली आहे. टेनारचा मोठा मुलगा घरी परततो आणि जेवल्यावर भांडी उचलायला तयार होत नाही, ते बायकांचं काम म्हणतो. एकेकाळचा महाजादूगार मात्र मुकाट्याने भांडी घासतो. ड्रॅगनच्या पुस्तकात खरकट्या भांड्यांचा प्रश्न आलेला मी पहिल्यांदाच पाहिला!

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’बद्दलही मुलं विचारतात. पहिला भाग १९९६ चा, तो मी वाचला. कोण कधी मरेल याचा नेम नाही, त्या अर्थाने ती बारा भावनांतली अनित्य भावनाच आहे. पण क्रौर्याची वर्णनं इतकी चवीने केलेली की मी पुढचे भाग घेतले नाहीत. नातीसाठी तर ते कपाट मोठी होईपर्यंत बंदच.

आता माझा दुसरा प्रकार, प्राचीन काळच्या ऐतिहासिक कादंबऱ्या. फँटसीतली माणसं कणकेची असतात. इतिहासातली मात्र एकेकाळी हाडामांसाची होती, कोणाची आई, कोणाची बायको होती. म्हणून या लेखकांची जबाबदारी जास्त असं मी मानते.

मेरी रेनॉल्ट ही इंग्लंडमध्ये जन्मलेली, नर्सचं शिक्षण घेतलेली, पुढे दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेली लेखिका. तिच्या ‘द किंग मस्ट डाय’ या १९५८ सालच्या कादंबरीत थीसियसची ग्रीक पुराणकथा आहे. मूळ कथेत क्रीट बेटावर भुलभुलैया आहे, त्यात बैलाचं तोंड असलेला राक्षस आहे, आणि अथेन्सहून त्याला सात मुलगे आणि सात मुली खायला पाठवतात. रेनॉल्टने राक्षस काढूनच टाकला. क्रीटच्या क्नोसॉस राजवाड्याचं उत्खनन आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली सुरू केलं. तिथे बैलावरून उडी मारणाऱ्या तरुणांचं भित्तिचित्र सापडलं. तिने त्यावरून कथा रचली: ही मुलं बैलांच्या जीवघेण्या खेळासाठी नेली जात, असंख्य दालनांचा तो राजवाडा म्हणजेच भुलभुलैया, आणि मिनोटॉर हा त्या घराण्यातल्या माणसाचाच एक किताब.

मैत्रिणींनो, हे वाचताना मला आपलं पद्मपुराण आठवलं. रविषेणाचार्यांनी ते सातव्या शतकात लिहिलं. त्यात श्रेणिक राजा गौतम गणधरांना शंका विचारतो, बलाढ्य राक्षसांना माकडांनी कसं हरवलं? कुंभकर्ण सहा सहा महिने कसा झोपेल? उत्तर मिळतं की ती माकडं नव्हती, वानरवंशी विद्याधर होते, त्यांच्या ध्वजावर वानराचं चिन्ह होतं. रावणाला दहा तोंडं नव्हती. बाळपणी त्याच्या गळ्यातल्या हाराच्या नऊ रत्नांत चेहऱ्याची प्रतिबिंबं पडली म्हणून तो दशानन. रेनॉल्टच्या तेराशे वर्षं आधी आपल्या आचार्यांनी हाच प्रश्न विचारला होता: या अद्भुताच्या आत माणूस कुठे आहे?

आणखी एक. त्या कादंबरीच्या सुरुवातीलाच समुद्रदेवाला घोड्याचा बळी देतात. लहानग्या थीसियसचा तो आवडता घोडा असतो. पोर कळवळतं, आजोबा त्याला समजावतात. लेखिका बळी देणाऱ्यांना मूर्ख ठरवत नाही, त्यांची श्रद्धा त्यांच्याच आतून दाखवते. पण वाचकाच्या मनात राहतात ते त्या मुलाचे अश्रू. यशोधरचरित्राशेजारी ठेवून वाचावं असं ते प्रकरण आहे.

रॉबर्ट ग्रेव्हज यांची ‘आय, क्लॉडियस’ १९३४ सालची. रोमच्या राजघराण्यातला क्लॉडियस लंगडा, तोतरा. सगळे त्याला मूर्ख समजतात म्हणूनच तो कटकारस्थानांतून वाचतो आणि शेवटी सम्राट होतो. स्वतःची गोष्ट तो स्वतःच सांगतो. इतकी रंगतदार कादंबरी मी क्वचित वाचली आहे. पण तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. त्यात सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया ही थंड डोक्याने एकामागून एकाला विष देणारी बाई आहे. पुरावा काय? लिव्हिया इ. स. २९ मध्ये वारली. टॅसिटस तिच्याबद्दल कुजबुज लिहितो तो सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांनी. अंजिरांना विष लावून नवऱ्याला मारल्याची अफवा नोंदवणारा डिओ तर त्याहूनही शंभर वर्षांनंतरचा. व्हाउचर नसलेली रक्कम कोणाच्या नावे टाकली तर हिशेब तपासनीस ती मान्य करत नाही. मेलेली बाई तर उठून हरकतही घेऊ शकत नाही. आज लिव्हिया म्हटलं की लोकांना विषारी अंजीरच आठवतं. कपट करणारी सासू-सावत्रआई पुस्तकात छान खपते, हे त्यामागचं गणित. कादंबरी वाचा, पण त्या बाईला तुमच्या मनात संशयाचा फायदा द्या.

आता शेवटची, आणि आपल्या दृष्टीने वेगळी. अमेरिकन लेखक गोर विडाल यांची ‘क्रिएशन’ १९८१ साली आली. निवेदक सायरस स्पितामा हा झरथुष्ट्राचा नातू, इराणच्या दरबाराचा राजदूत. सम्राट दारियस त्याला भारतात पाठवतो. तो मगधात येतो, अजातशत्रूचा, म्हणजे आपल्या कुणिकाचा, जावई होतो, आणि त्याला गोसाल, गौतम बुद्ध आणि भगवान महावीर भेटतात. पुढे चीनला जातो तिथे कन्फ्यूशियस भेटतो. म्हातारपणी आंधळा होऊन अथेन्समध्ये बसलेला तो ही सगळी हकीगत आपल्या नात्यातल्या मुलाला सांगतो.

जैन बाईने हे पुस्तक हाती घेतलं की आधी आकडेमोड करावी. आपलं वीर निर्वाण इ. स. पू. ५२७ चं, दिवाळीला वहीपूजन करताना आपण तोच संवत् लिहितो. दारियस गादीवर आला इ. स. पू. ५२२ मध्ये. म्हणजे आपल्या गणनेप्रमाणे तो राजा झाला तेव्हा भगवान मोक्षाला जाऊन पाच वर्षं झाली होती. काही अभ्यासक महावीरांचा काळ यापेक्षा नंतरचा धरतात, कादंबरी त्या हिशेबावर उभी आहे. तेव्हा ही भेट म्हणजे विडाल यांची कल्पना, असं धरूनच वाचायचं.

भगवंतांकडे तिथे एका परक्या, थट्टेखोर दरबारी माणसाच्या नजरेतून पाहिलेलं आहे. काही ठिकाणी मन दुखावतं. पण मी पुस्तक मिटलं नाही, कारण सायरसचा प्रश्न मला फार मजेचा वाटला. तो जगभर प्रत्येक ज्ञानी माणसाला एकच विचारतो, हे सगळं निर्माण कोणी केलं आणि कधी केलं? त्याच्या आजोबांच्या धर्मात त्याचं ठाम उत्तर आहे, म्हणून दुसऱ्या कोणाच्या उत्तराने त्याचं समाधान होत नाही. आणि आपल्याकडे तर पाठशाळेतलं पोरही सांगेल की जग अनादि-अनंत आहे, ते निर्माण झालेलंच नाही. इतका हुशार माणूस इतक्या लांबून येतो आणि प्रश्न मात्र त्याच्या गावचाच विचारतो. नव्या माणसाच्या घरी गेल्यावर आपणही असंच करतो का, हा विचार मी तेव्हापासून करते. वेगळ्या जातीची सून आलेल्या एका घरात तो उपयोगीही पडला.

आता आमच्या घरातले नियम सांगते. दशलक्षणाचे दहा दिवस कादंबऱ्यांचं कपाट बंद, त्या दिवसांत फक्त शास्त्र. सामायिकाच्या आधी तासभर कुठलीही कथा नाही. एरवी प्रकरण संपलं की पुस्तक मिटून मिनिटभर थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, आत्ता कोण मेलं आणि मला काय वाटलं? हा शेवटचा नियम नातीनेही घेतला आहे, मी तिला न सांगता.

ज्यांना इंग्रजी वाचायचा कंटाळा आहे त्यांनी ‘ययाति’पासून सुरुवात करावी. मुलाचं तारुण्य मागून घेऊनही ज्याची भोगाची तहान भागली नाही, त्या राजाची गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. इंग्रजी वाचणाऱ्यांनी आधी ‘अर्थसी’ घ्यावं, पुस्तक लहान आहे, पंधरा दिवसांत होतं. आणि यशोधरचरित्र तुमच्या मंदिराच्या ग्रंथकपाटात आहे का ते बघा. नसेल तर येत्या पर्वाआधी मागवून घ्या.

जय जिनेंद्र.